खारापासून टेंग्यापर्यंत

परगावी दवाखान्यासाठी जावे लागलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न डॉक्टरांचा असतो आणि दुसरा जेवणाचा. पहिला एकदा सुटला की सुटतो. दुसरा मात्र दिवसातून दोन वेळा नव्याने उभा राहतो. वाचकहो, घरच्या माणसाला घेऊन मुंबईस परळला, वेल्लोरला अथवा चेन्नईला ज्यांनी काही आठवडे काढले असतील, त्यांना हे निराळे सांगावयास नको. रुग्णास काय चालेल आणि काय चालणार नाही, हे डॉक्टर सांगतात. पण जे चालेल ते त्याच्या तोंडास रुचावे कसे, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

गेल्या पौषात माझ्या पत्नीच्या डोळ्यांच्या उपचारासाठी आम्ही उभयता चेन्नईस गेलो होतो. १९९६ साली ह्या शहराचे नाव बदलले असले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘मद्रास’च येते. नुंगमबाक्कम भागात १९७८ साली स्थापन झालेले शंकर नेत्रालय आहे आणि तेथून जवळच ग्रीम्स रोडला १९८३ साली सुरू झालेले अपोलो रुग्णालय. ह्या दोन संस्थांच्या मधल्या गल्ल्यांतून एक निराळेच गाव वसलेले आहे. लॉज, औषधांची दुकाने, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या लहान लहान खाणावळी. तमिळ पाट्यांच्या बरोबरीने येथे बंगाली अक्षरांतील पाट्या दिसतात. कारण बंगाल, आसाम, त्रिपुरा आणि सीमेपलीकडील बांगलादेश येथून माणसे उपचारासाठी येतात. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट आणि खांद्यावर शाल, असा माणूस चेन्नईच्या उकाड्यात दिसला की तो उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून नुकताच आला आहे, हे लॉजचा पोऱ्यादेखील ओळखतो.

आमच्या शेजारच्या खोलीत आसामातील नलबारी जिल्ह्याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहत होते. त्यांच्या पत्नीच्या आतड्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले होते. दिब्रुगडहून कन्याकुमारीस जाणारी विवेक एक्स्प्रेस सुमारे ४२०० किलोमीटरचे अंतर तोडते. त्या गाडीने ते गुवाहाटीहून वेल्लोरजवळच्या काटपाडीस आले होते आणि तेथून चेन्नईस. आम्ही त्यांना मास्तर म्हणू लागलो. ते मला ‘दादा’ आणि पत्नीला ‘बाइदेउ’ म्हणत. बाइदेउ म्हणजे ताई. आमचे संभाषण हिंदीतून चाले. त्यांचे हिंदी आसामी वळणाचे आणि आमचे मराठी वळणाचे, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची लाज वाटत नसे.

मास्तरांची चिंता निराळीच होती. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीस मऊ भात, पातळ वरण, वाफवलेला मासा सुरू करण्यास सांगितले होते. पण तिच्या घशाखाली काही उतरत नव्हते. “तिला सगळे कागदासारखे लागते,” ते म्हणाले. “ती एकच मागते. ठेकेऱ्याचा टेंगा. म्हणते, त्याने तोंड येईल.”

टेंगा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते समजावून देण्याऐवजी मास्तर आम्हांस दुपारी एका आसामी खाणावळीत जेवावयास घेऊन गेले.

औषधांच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर ही खाणावळ होती. जिना अरुंद, मेजे पाच. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून मास्तरांनी आमचा पहिला धडा घेतला. बंगाली व आसामी लिपी जवळजवळ एकच. पण बंगाली ‘र’च्या खाली टिंब असते आणि आसामी ‘र’च्या पोटात तिरपी रेघ. “ही रेघ दिसली की समजावे, आत खार मिळेल,” असे म्हणून ते प्रथमच हसले. शिवसागरकडील एक जोडपे हे घर चालवीत होते. बाई स्वयंपाक करीत, यजमान बाजारहाट आणि हिशेब पाहत, आणि बाईंचा धाकटा भाऊ वाढी. आठवडाभर येथे रुग्णांचे नातेवाईक जेवतात. रविवारी मात्र कचेऱ्यांतून काम करणारी आसामी तरुण मंडळी येतात आणि त्यांच्यासाठी कोहळा घालून केलेले बदकाचे मटण, डुकराचे मांस असे बेत होतात. रविवारचे जेवण झणझणीत आणि समारंभाचे असते, ह्यात शंका नाही. पण आपणांस आसामचे घर पाहावयाचे असेल, तर माझ्या मते बुधवारच्या साध्या दुपारीच जावे.

स्टीलच्या ताटात केळीचे पान मांडले गेले. मास्तरांनी खेदाने मान हलविली. त्यांच्याकडे पाहुण्यास काशाच्या ताटात वाढतात. सर्थेबारी गावचे कासार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत, आणि लेकीच्या लग्नात त्यांचे ताट-वाटी द्यावयाची असते. माझ्या पत्नीस आजीच्या काशाच्या वाटीची आठवण झाली. ती वाटी आमच्याकडे अजून आहे. फक्त आम्ही ती तळपायांना तेल चोळण्यासाठी वापरतो, हे मास्तरांना सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

भात आला. त्याला आसामी भाषेतही भातच म्हणतात. भातावर सर्वांआधी वाढण्यात आला तो खार. कच्च्या पपईच्या फोडींची, पिवळट, ओलसर भाजीसारखी ती वस्तू होती. तिच्यावर मुलाने कच्च्या मोहरीच्या तेलाची धार सोडली. मी पहिला घास घेतला आणि गोंधळलो. आंबट नाही, तिखट नाही, खारट म्हणावे तर तेही नाही. जिभेवर काहीतरी गुळगुळीत, किंचित साबणासारखे, मातीसारखे पसरले. मी आदराने गप्प राहिलो. पत्नीने मात्र दुसरा घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला.

“अहो, ही तर पापडाची लाटी!”

वाचकहो, आपल्या घरी उन्हाळ्यात पापड झाले असतील, तर आपण लहानपणी लाट्या नक्कीच पळविल्या असतील. पापडखार घालून कुटलेले उडदाचे पीठ, त्याची सुपारीएवढी लाटी, आणि ती कच्च्या तेलात बुडवून खाणे! तीच ती चव. तेच कच्चे तेलही. मी तिसरा घास घेतला तो ह्या ओळखीच्या वाटेने, आणि मग पानावर खार उरला नाही. पन्नास वर्षे ही चव माझ्या जिभेस ठाऊक होती. तिला जेवणात मानाची पहिली जागा असू शकते, एवढेच ठाऊक नव्हते.

खार कसा करतात, ते बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितले. आसामात भीमकल नावाची एक मोठी, बियांची केळी होते. तिच्या साली उन्हात वाळवितात, जाळतात आणि त्यांची राख साठवून ठेवतात. ही राख पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घेतले की विटकरी रंगाचा अर्क निघतो. तो कलाखार. पूर्वी गाळण्यासाठी नारळाच्या करवंटीला भोके पाडून तीत गवत घालीत. केळीच्या राखेत पोटॅशियमचे क्षार विपुल असतात. पाण्यात ते उतरतात आणि पाणी अल्कधर्मी होते. त्यामुळे डाळी व भाज्या लवकर शिजतात, मऊ होतात. आपल्याकडे हरभरे शिजताना चिमूटभर सोडा टाकणारी गृहिणी हेच करीत असते. ह्याच पाण्याने आसामातील बायका पूर्वी कपडे धूत आणि केसही धूत. कच्ची पपई, दुधी, उडीद, माशाचे डोके, ह्यांपैकी कशाचाही खार होतो. (ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र पोटॅशियमयुक्त असा हा पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.)

समुद्रापासून दूर असलेल्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पूर्वी मीठ दुर्मिळ आणि महाग असे, म्हणून खाराचा प्रघात पडला, असे सांगतात. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या कोकणी माणसाला ह्या गोष्टीची कल्पना करणेही कठीण. कारण काहीही असो, आज मीठ मुबलक मिळते तरी खार सुटलेला नाही. ‘खार खाणारे आसामी’ असे शेजारी त्यांना चिडवीत. आता तेच बिरुद ते स्वतः अभिमानाने सांगतात.

आसामी जेवणाचा एक क्रम आहे. आरंभी खार आणि शेवटी टेंगा, म्हणजे आंबट. एका टोकास क्षार व दुसऱ्या टोकास आम्ल, आणि मध्ये डाळ, पालेभाजी, पिटिका, भाजी असा सारा संसार. पिटिका म्हणजे हाताने कुस्करलेले भरीत. उकडलेला बटाटा, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि मोहरीचे कच्चे तेल. एवढ्यावर ती होते, आणि गरम भाताबरोबर तिच्यापुढे दुसरे काही नको वाटते. वांग्याची, टोमॅटोची, भाजलेल्या माशाचीही पिटिका करतात. आपले वांग्याचे भरीत ह्याच घराण्यातले. फक्त आपण त्याला फोडणीचा दागिना घालतो, ते घालीत नाहीत.

ह्या जेवणात मसाला फार थोडा असतो, ही गोष्ट मला विशेष वाटली. २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीजच्या नोंदीत गेलेली भूत जोलोकिया ह्याच भागातली. त्यामुळे तेथील सारे जेवण जाळ असेल, असा आपला समज असतो. ती मिरची घरी असतेच, पण लोणच्याच्या बरणीत. ज्याला हवी त्याने बोटाच्या टोकाएवढी घ्यावी. पानातले बाकी पदार्थ इतके सौम्य असतात की लहान मूल आणि म्हातारा माणूस दोघेही तेच जेवू शकतात. आमच्या पानातील पालेभाजी कोणती, असे मी विचारले. आसामात पावसाळ्याच्या तोंडावर नेच्याचे कोवळे, टोकाशी गुंडाळलेले कोंब मिळतात. त्यांना ढेकिया म्हणतात. चेन्नईत तो कोठून आणावा? म्हणून यजमान सकाळी कोडंबाक्कमच्या बाजारातून जी चांगली दिसेल ती कीरै आणतात. कीरै म्हणजे तमिळमध्ये पालेभाजी. तेल मोहरीचे, भाजी तमिळ देशीची; आणि ताटात ती आसामीच दिसत होती.

केळीच्या बाबतीत तर त्यांना काही उणे पडत नाही, असे यजमान म्हणाले. आसामात केळीचे फूल खातात, त्याला ‘कलडिल’ म्हणतात. आपण केळफूल म्हणतो. तेथे केळीचा गाभा खातात, तसा तो तमिळ घरोघरीही खातात, आणि मंडईत सोललेले दांडे विकावयास असतात. आपल्याकडे कोकणात केळफुलाची भाजी होते, पण गाभा बहुधा गाईच्या पुढ्यात जातो. तिन्ही देशांत मिळून केळीचे असे काही उरत नाही, जे कोणी ना कोणी खात नाही.

आता टेंगा. मासा रोहू होता. आसामच्या बाजारात विकला जाणारा पुष्कळसा रोहू आंध्रच्या तळ्यांतून बर्फात घालून तेथवर जातो, असे यजमान सांगू लागले. “आमचा मासा आम्हांला गावी दूरचा आणि येथे शेजारचा!” वाटीत पातळ, स्वच्छ, सोनेरी रस्सा होता आणि त्यात माशाचा एक तुकडा. घास घेताच तोंड धुतल्यासारखे झाले. आसामी लोक माशाला आंबटपणा आणण्यासाठी ऋतूप्रमाणे निरनिराळी फळे वापरतात. हिवाळ्यात टोमॅटो असतो. पुढे ओउ टेंगा येतो. हे हत्तीचे आवडते फळ, आणि हे झाड आपल्याकडेही आहे, आपण त्याला मोठा करमळ म्हणतो. लांबट, सुवासिक काजी नेमू तर बारा महिने. २०२४ साली आसाम सरकारने ते लिंबू राज्याचे फळ म्हणून जाहीर केले. आणि ठेकेरा. ह्या फळाच्या चकत्या उन्हात वाळवून काळ्या होईपर्यंत ठेवतात आणि वर्षभर पुरवितात. पोट बिघडले, ताप येऊन गेला, बाळंतीण उठली, की ठेकेरा भिजत पडतो.

“आजचा टेंगा कशाचा?” मास्तरांनी विचारले.

“टोमॅटोचा,” बाई म्हणाल्या. “ठेकेरा संपून पंधरा दिवस झाले. गावाहून कोणी येणारे असेल, तेव्हाच येईल.”

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामा स्टीलचा डबा बरोबर आणला होता. तो त्यांनी मेजाखाली पायाशी सरकविला, हे मी पाहिले.

यजमानांनी सुचविले की चिंच आहे. चेन्नईत चिंचेला काय तोटा? पण बाईंनीच मान हलविली. चिंचेने रस्सा गढूळ होतो, जड होतो. आजारी माणसाच्या पोटाला तो चालावयाचा नाही आणि जिभेलाही ती फसवणूक कळेल. टोमॅटोचा टेंगा मास्तरांनी दोन दिवसांपूर्वी नेला होता. तो परत आला होता.

येथे मला माझ्या पत्नीचे कौतुक केले पाहिजे, यद्यपि समोर केले असते तर तिला ते आवडले नसते. ती मालवणकडची. मालवणी बाई परगावी निघाली की तिच्या पिशवीत कपडे कमी असतील, पण आमसुलांची पुडी असावयाचीच. पित्त झाले, उलटीची भावना झाली, परक्या गावचे वरण बेचव लागले, सर्वांवर तिचे औषध तेच. तिने पिशवीतून पुडी काढली आणि मेजावर उघडली. काळी, चिवट, कडेला मिठाची पांढरी झाक असलेली आमसुले.

बाई ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी एक आमसूल उचलले, हुंगले, टोक तोडून जिभेवर ठेवले. नंतर आसामीत भावाला काहीतरी म्हणाल्या. मला एकच शब्द कळला: ठेकेरा.

ठेकेरा नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही झाडांना गार्सिनिया ह्या एकाच प्रजातीत घालतात. कोकम सह्याद्रीच्या उतारावर वाढते, ठेकेरा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना न विचारता त्यांचे एकच केले: फळ वाळविले आणि आजाऱ्यासाठी जपून ठेवले.

तंजावरच्या सांबाराची कथा आपण ऐकली असेलच. भोसल्यांच्या दरबारी महाराष्ट्राहून येणारे कोकम एकदा संपले, म्हणून मुदपाकखान्यात आमटीला चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून तिचे सांबार झाले, असे म्हणतात. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरत नाही. ती मौजेने सांगावी एवढीच. तंजावरच्या मराठ्यांचे पाकशास्त्र खरोखर पाहावयाचे असेल, तर दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळचे ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. पण त्या दुपारी त्या पाच मेजांच्या खोलीत मला ती कथा आठवल्याखेरीज राहिली नाही. तमिळ देशी एकदा आमचे कोकम संपले होते म्हणतात. आता दुसऱ्या कोणाचा ठेकेरा संपला होता आणि कोकम आमच्या पिशवीत होते.

बाईंनी आमसुले कोमट पाण्यात भिजत घातली. मास्तरांनी रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंना दूरध्वनी केला. मिरची नको, तेल नावापुरते, आंबट बेताचे आणि मासा काटे काढून, एवढ्या अटींवर परवानगी मिळाली. अर्ध्या तासाने डबा भरला. रस्सा ठेकेऱ्याच्या रश्श्यापेक्षा तांबूस झाला होता. बाई त्याकडे क्षणभर साशंकपणे पाहत राहिल्या, मग झाकण लावून म्हणाल्या, “रंग विचारला तर खरे सांगा.”

संध्याकाळी मास्तर आमच्या दारात उभे राहिले. हातातला डबा त्यांनी उघडून दाखविला. रस्सा अर्धा संपला होता. मासा तसाच होता. भात चार चमचे गेला होता. “विचारले तिने,” ते म्हणाले. “पहिल्याच चमच्याला विचारले, हा कोणाच्या घरचा ठेकेरा? मी म्हटले, समुद्राकाठच्या एका बाइदेउच्या घरचा. म्हणाली, जरा खारट आहे. आणि पुन्हा तोंड उघडले.”

त्या दिवसापासून आम्ही परत निघेपर्यंत डबा रोज गेला. कधी पुष्कळ उरे, कधी थोडे. एके दिवशी तिला उलटी झाली आणि मास्तरांनी दिवसभर काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा गेला. तिसऱ्या आठवड्यातील तपासणीचा अहवाल यावयाचा होता आणि तो येईपर्यंत कोणी कोणाला काही विचारीत नव्हते.

आमचा चेन्नईतील शेवटचा दिवस भोगीचा होता. तमिळ लोक त्या पहाटे घरातील जुनेपाने दाराशी जाळतात. गल्लीत धूर कोंदला होता आणि पत्नीच्या डोळ्यांना तो सोसेना म्हणून आम्ही दुपारपर्यंत खोलीतच बसलो. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, हरभरा, वांगे, पावटा घालून केलेली भोगीची भाजी असते. आसामात ती माघ बिहूची पूर्वसंध्या. तिला उरुका म्हणतात. गावकरी शेतात गवताची झोपडी उभारून तेथे एकत्र जेवतात, आणि पहाटे मेजी पेटवितात. ह्या बिहूचे दुसरे नाव भोगाली. भोगी आणि भोगाली! मास्तरांनी ‘भोग’ शब्दाची व्युत्पत्ती सांगण्यास सुरुवात केली आणि त्यांच्यातला शिक्षक पुष्कळ दिवसांनी जागा झाला, ह्याचे आम्हां दोघांनाही बरे वाटले.

सायंकाळी खाणावळीत तीळ-पिठा केला होता. चिकट बरा तांदळाचे ओलसर पीठ तापल्या तव्यावर पातळ पसरावयाचे, त्यावर काळे तीळ आणि गूळ ह्यांचे सारण ठेवावयाचे आणि कागदाच्या सुरळीसारखे गुंडाळावयाचे. तेलाचा थेंबही लागत नाही. पत्नीने बरोबर आणलेले तिळाचे लाडू ताटात मांडले. खालच्या औषधांच्या दुकानातील तमिळ मुलगा घरच्या उसाचा तुकडा घेऊन आला. आमसुलांची उरलेली पुडी आम्ही बाईंच्या स्वाधीन केली. त्यांनी ती एका डब्यात घालून वर आसामी अक्षरांत ‘ठेकेरा’ असे लिहिले आणि मग थोडा विचार करून त्याच्यापुढे आणखी एक शब्द जोडला. मास्तरांनी तो वाचून दाखविला: ‘मुंबईचा’. मालवण मुंबईपासून किती दूर आहे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

मुंबईच्या वाचकांस आसामी जेवणासाठी चेन्नईस जाण्याचे कारण नाही. नवी मुंबईत वाशी रेल्वे स्थानकाजवळ आसाम भवन आहे. मुंबईत कर्करोगावरील उपचारासाठी येणारी आसामी कुटुंबे तेथे उतरतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या शेजारी राहावयास आले, तर घरात आमसुले आहेत ना, ते पाहून ठेवावे.

टेंगा घरी करून पाहावयाचा असल्यास कृती अशी आहे. रोहूच्या किंवा मिळेल त्या माशाच्या चार तुकड्यांना हळद व मीठ चोळून ते मोहरीच्या तेलात हलके परतून बाजूला काढावेत. त्याच तेलात मेथीचे आठ-दहा दाणे टाकावेत; ते तांबूस झाले की दुधीच्या अथवा टोमॅटोच्या फोडी घालून झाकण ठेवावे. फोडी मऊ झाल्यावर दोन पेले गरम पाणी, मीठ आणि उकळी फुटल्यावर मासा सोडावा. पाच-सहा आमसुले आधी कोमट पाण्यात भिजवून ठेवलेली असावीत. ती पाण्यासह शेवटी घालून पाच मिनिटांत उतरवावे. आमसुलांना मीठ असते, म्हणून रश्श्यात मीठ आधी बेतानेच घालावे. शाकाहारी घरांत मसुराची डाळ भिजवून वाटून तिचे लहान वडे तळावेत आणि माशाच्या जागी सोडावेत. आसामातही तसे करतात. वर कोथिंबीर. रस्सा पातळच राहिला पाहिजे. त्यात खोबरे वाटून घालू नये, आणि मेथी तडतडू लागताच आपला हात सवयीने हिंगाच्या डबीकडे जातो, तो मात्र आवरावा.